चिनी काशाच्या आरशाची पाठ कशी वाचावी

संग्रहालयात चिनी काशाचा आरसा नेहमी पालथा ठेवलेला असतो. चेहरा पाहायची बाजू खाली, नक्षीची पाठ वर. पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर त्या पाठीवर लगेच ड्रॅगन शोधते, आणि तो सापडला की "हं, शक्तीचे प्रतीक" असे म्हणत माणूस पुढच्या पेटीकडे वळतो. ही सवय मोडावी म्हणून हा लेख लिहितो आहे. या आरशांवर कोण बसला आहे याच्या आधी तो कुठे बसला आहे हे पाहायचे असते. जागा कळली की प्राण्याचा अर्थ बराचसा आपोआप कळतो.

सोबत एखाद्या आरशाच्या पाठीचा मोठा, स्पष्ट फोटो घ्या. ब्रिटिश म्युझियम, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम यांच्या संकेतस्थळांवर असे फोटो मिळतात. शक्य असेल तर तो कागदावर छापा, कारण तो हातात धरून गोल फिरवावा लागणार आहे. फोटोऐवजी ठसा मिळाला, म्हणजे ओला कागद नक्षीवर दाबून वरून शाई थोपटून घेतलेली काळी-पांढरी प्रत, तर आणखी चांगले. ठशात जे काळे ते उठावाचे आणि जे पांढरे ते खोलगट, एवढे लक्षात ठेवले की फोटोत चकाकीमुळे हरवणाऱ्या रेषाही दिसतात.

पायरी १ : वस्तू समजून घ्या

तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी ज्यांच्या घरी आहे, त्यांनी या धातूला हात लावलेलाच आहे. कासे म्हणजे तांबे आणि कथील. हान ते तांग या राजवटींच्या काळातल्या (इ.स.पू. २०६ ते इ.स. ९०७) उत्तम चिनी आरशांत साधारण ७० टक्के तांबे, २३ ते २५ टक्के कथील आणि थोडे शिसे असे. कथील इतके वाढले की धातू पांढरट होतो, घासला की चकाकतो, पण काचेसारखा ठिसूळही होतो. म्हणून जुन्या आरशांचे तुकडे झालेले दिसतात, ते वाकलेले सहसा दिसत नाहीत. चकाकी उतरली की आरसा पुन्हा घासून घ्यावा लागे. आपल्याकडे कल्हईवाला दारावर येई, तसे तिकडे आरसे घासून देणारे फिरस्ते होते. जुन्या सिद्धकथांत तर एक सिद्धपुरुष बाजारात एका नाण्यावर आरसे घासून देत फिरतो.

आपल्या देशात धातूचा आरसा आजही पाहायचा असेल तर केरळातल्या आरन्मुळा गावचा 'आरन्मुळा कन्नडी' पाहा. त्याच्या पाठीवर चिनी आरशासारखी विश्वाची मांडणी नसते, पण धातूत चेहरा दिसतो म्हणजे नेमके काय दिसते हे त्यावरून कळते.

चिनी आरशाच्या पाठीवर मधोमध एक घुंडी असते. तिला आरपार भोक असते आणि त्यातून रेशमी दोरी ओवून आरसा धरत किंवा टांगत. घुंडीभोवती आतले मैदान, मग मुख्य मैदान, मग बहुधा अक्षरांची एक पट्टी आणि शेवटी काठ. वाचन याच क्रमाने, आतून बाहेर करायचे.

पायरी २ : काळ ढोबळ ठरवा

इथे फार अडकू नका. सर्वांत जुने आरसे चीनच्या वायव्येकडच्या छीज्या संस्कृतीतले, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचे आहेत, आणि त्यांपैकी एकावर ताऱ्याची साधी नक्षी आहे. १९७६ मध्ये आन्यांग इथे शांग राजघराण्यातली राणी फू हाओ हिची समाधी सापडली, तिच्यातही ४ आरसे होते. इ.स.पू. ४७५ ते २२१ या काळात दक्षिणेकडच्या चू राज्यात पातळ, नाजूक आरसे झाले. त्यांवर 'डोंगर' या चिनी अक्षरासारखा तिरका आकार तीन, चार, पाच वेळा फिरवलेला दिसतो. हे खरेच 'डोंगर' अक्षर आहे की जुन्या भौमितिक नक्षीचे रूप, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तुम्हीही फक्त आकाराची नोंद करा आणि पुढे चला.

नवख्याने खरा मुक्काम करावा तो हान काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०). आरशाची पाठ सगळ्यांत नीट बोलते ती इथे.

पायरी ३ : चौकोन आणि वर्तुळ शोधा

सरावासाठी 'टीएलव्ही' आरसा निवडा. वांग मांग या सत्ताधीशाच्या अल्पायुषी 'शिन' राजवटीत (इ.स. ९ ते २३) हा प्रकार विशेष बहरला. नाव पाश्चात्त्य अभ्यासकांनी ठेवलेले आहे, कारण नक्षीत लॅटिन टी, एल आणि व्ही यांच्यासारखे कोनाकार दिसतात.

घुंडीपासून सुरुवात करा. तिच्याभोवती रेषांनी आखलेला चौकोन दिसेल. हा चौकोन म्हणजे पृथ्वी, आणि आरशाचा गोल काठ म्हणजे आकाश. आकाश गोल, जमीन चौकोनी ही चिनी विश्वाची जुनी कल्पना आहे. चौकोनाच्या मधोमध उठून आलेली घुंडी म्हणजे जगाचे केंद्र. दोरी तिथूनच निघते. आरसा हातात धरणारा माणूस विश्वाच्या नेमक्या मध्याला धरून असतो. माझ्या मते या साऱ्या कलेतली ही सर्वांत सुंदर कल्पना आहे.

चौकोनाच्या आत १२ अक्षरे असतील तर ती काळाच्या आणि दिशांच्या बारा खुणा आहेत. दिवस-रात्रीचे बारा भाग, वर्षाचे बारा महिने आणि क्षितिजाचे बारा भाग हे सगळे याच बारा अक्षरांनी मोजत. पहिले अक्षर 'झ' म्हणजे उत्तर आणि मध्यरात्र, समोरचे 'वू' म्हणजे दक्षिण आणि मध्यान्ह. म्हणजे चौकोनात एकाच वेळी नकाशाही आहे आणि घड्याळही.

आता कोनाकार पाहा. टी चौकोनाच्या चारही बाजूंच्या मध्यावर चिकटलेले, एल त्यांच्या समोर काठाकडे आणि व्ही कोपऱ्यांच्या समोर. हीच आखणी 'ल्यूबो' नावाच्या पटावरच्या खेळात असे. मावांगत्वी इथल्या हान काळातल्या तिसऱ्या समाधीत, जी इ.स.पू. १६८ मध्ये बंद झाली, ल्यूबोचा संपूर्ण संच सापडला आहे. खेळाचा पट आरशावर का? याचे थेट उत्तर एका आरशावर कोरलेल्या अक्षरांतच आहे : अशुभ दूर व्हावे म्हणून ल्यूबोचा पट कोरला आहे. हान लोकांच्या कल्पनेत सिद्धपुरुष डोंगरमाथ्यावर बसून हाच खेळ खेळत, आणि फाशांच्या दानातून दैव बोलते असे मानले जाई. सारिपाटावरच्या एका दानाने दैव कसे फिरते हे महाभारत ऐकत वाढलेल्या आपल्याला निराळे सांगायला नको.

मैदानात छोटे गोल फुगवटेही दिसतील, बहुधा मुख्य मैदानात आठ आणि काही आरशांत घुंडीभोवती नऊ. काही लेखांत "आठ पुत्र, नऊ नातू मध्यभागी राज्य करोत" अशी ओळ येते, आणि अभ्यासक तिचा संबंध या फुगवट्यांशी जोडतात. तेव्हा फुगवटे मोजून ठेवा, ते फक्त जागा भरायला आलेले नाहीत.

पायरी ४ : कागद फिरवा आणि दिशा लावा

आता प्राण्यांकडे. चार दिशांचे चार रक्षक असतात : पूर्वेला निळा-हिरवा ड्रॅगन, पश्चिमेला पांढरा वाघ, दक्षिणेला शेंदरी पक्षी आणि उत्तरेला 'काळा योद्धा', म्हणजे एकमेकांत गुंतलेले कासव आणि साप. प्रत्येकाच्या मागे एक ऋतू आणि एक तत्त्व आहे. ड्रॅगनकडे वसंत आणि लाकूड, पक्ष्याकडे उन्हाळा आणि अग्नी, वाघाकडे शरद आणि धातू, कासवाकडे हिवाळा आणि पाणी. पाचवे तत्त्व माती, तिची जागा मध्यभागी.

कासव-साप सापडला की कागद असा फिरवा की तो खाली येईल. म्हणजे दक्षिणेचा पक्षी वर जाईल. उत्तर वर ठेवायची आपली शाळेची सवय इथे सोडा. चीनमध्ये राजा दक्षिणेकडे तोंड करून बसे, म्हणून समोर दक्षिण, डाव्या हाताला पूर्व आणि उजव्या हाताला पश्चिम. आता आरशांवरची एक ठरलेली ओळ लगेच कळेल : "डावीकडे ड्रॅगन, उजवीकडे वाघ अशुभ घालवतात, शेंदरी पक्षी आणि काळा योद्धा यिन-यांगचा तोल राखतात." (यिन आणि यांग म्हणजे चिनी कल्पनेतल्या परस्परविरुद्ध पण पूरक अशा दोन शक्ती.) नुसता फोटो पाहून ही डावी-उजवी कधीच लागत नाही. त्यासाठी स्वतःला राजाच्या आसनावर, घुंडीच्या जागी, बसवावे लागते.

म्हणूनच सुरुवातीला म्हटले की ड्रॅगनपासून सुरुवात करू नका. या आरशावरचा ड्रॅगन सम्राटाचे चिन्ह म्हणून आलेला नाही. तो पूर्व आहे, पहाट आहे, वसंत आहे. तोच ड्रॅगन तांग काळात एकटा, ढगांतून वळसे घेत सगळी पाठ व्यापून बसतो, तेव्हा त्याचा अर्थ वेगळा होतो.

पायरी ५ : अक्षरांची पट्टी सोडू नका

चिनी येत नसले तरी लेखांचे भाषांतर संग्रहालयाच्या नोंदीत बहुतेक वेळा असते. ते वाचाच, कारण नक्षीचा अर्थ सांगणारा समकालीन साक्षीदार दुसरा कोणी नाही. अक्षरे कधी उलटी, कधी अपुरी असतात आणि शेवटी जागा संपली म्हणून ओळ मध्येच तुटते. साच्यात कोरणाऱ्या कारागिराचा हात तिथे दिसतो.

तीन प्रकारचे लेख ओळखायला शिका.

पहिला प्रकार छोटा, पश्चिम हान काळातला, म्हणजे हान राजवटीच्या पूर्वार्धातला : "सूर्याचा प्रकाश दिसो, सारे जग लख्ख उजळो." काहींवर दुसरा चरण बदलतो : "सूर्याचा प्रकाश दिसो, एकमेकांना कधी न विसरो." गोल, चकाकणारा आरसा म्हणजे हातातला सूर्यच. आठवण राहावी म्हणून तो दिला जाई आणि मृताबरोबर समाधीतही ठेवला जाई, म्हणून 'विसरू नये' ही मागणी दोन्ही ठिकाणी लागू पडते. शांघाय म्युझियममध्ये पहिल्या ओळीचा एक आरसा आहे. त्याच्या पुढच्या गुळगुळीत बाजूवर ऊन पाडले की भिंतीवरच्या कवडशात पाठीवरची नक्षी आणि अक्षरे उमटतात. पाठीच्या जाड-पातळपणामुळे घासताना पुढच्या बाजूला अतिशय सूक्ष्म उंचसखलपणा येतो, त्याची ही करामत. प्रकाशाबद्दलची ओळ अशी स्वतः प्रकाशात लिहिली जाते.

दुसरा प्रकार सिद्धांचा : "शांगफांगने घडवलेला हा आरसा खरोखर सुबक. वर सिद्धपुरुष आहेत, त्यांना म्हातारपण ठाऊक नाही. तहान लागली की ते जेडच्या झऱ्याचे पाणी पितात, भूक लागली की बोरे खातात." शांगफांग म्हणजे राजदरबारी वस्तू बनवणारे कार्यालय, पण नाव वजनदार असल्यामुळे खासगी कारागीरही ते वापरत. आणि बोरे म्हणजे आपल्या बोराच्याच कुळातले चिनी फळ. इथे एक सावधगिरी हवी. चिनी लग्नात हेच फळ देतात, कारण त्याचे नाव 'झाओ' हे 'लवकर' या शब्दासारखे ऐकू येते आणि 'लवकर मूल होवो' असा आशीर्वाद त्यात असतो. हान आरशावर हा अर्थ लावू नका. तिथे बोर हे अमरांचे अन्न आहे, आणि लेखच तसे सांगतो.

तिसरा प्रकार कारागिराची हमी : "हानकडे उत्तम तांबे आहे, ते दान्यांगहून येते. त्यात चांदी आणि कथील मिसळले की ते स्वच्छ, उजळ होते." काही आरशांवर याच ओळीत 'हान'च्या जागी 'शिन' असते. एका अक्षराच्या बदलावरून आरसा वांग मांगच्या राजवटीतला ठरतो, इतकी ही पट्टी मोलाची आहे.

पायरी ६ : देवांची गर्दी

इ.स.च्या दुसऱ्या शतकाकडे आलात की चौकोन मागे पडतो आणि उंच उठावाचे देव व प्राणी मैदान भरून टाकतात. इथे प्रथम शीवांगमू, पश्चिमेची राणीमाता, शोधा. डोक्याला आडवा, दोन टोकांचा अलंकार आणि खांद्यांपाशी पंखांसारखे फराटे ही तिची खूण. तिच्या समोर किंवा पलीकडच्या बाजूला पूर्वेचा राजा दुंगवांगगुंग. एक यिन, एक यांग. शीवांगमूच्या हाती अमरत्वाचे औषध आहे अशी श्रद्धा होती, आणि ही श्रद्धा फक्त दरबारातली नव्हती. इ.स.पू. ३ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत तिच्या नावाची चिन्हे हातोहात देत लोकांचे जथे राजधानीपर्यंत पोचल्याची नोंद हान इतिहासात आहे. तेव्हा आरशावर तिला पाहताना या गर्दीचीही आठवण ठेवा.

याच वाटेवर भारताशी खरा दुवा लागतो. तिसऱ्या शतकात दक्षिणेतल्या वू राज्यात काही आरशांवर, जिथे एरवी शीवांगमूसारखे देव बसत त्या मांडणीत, प्रभावळ असलेला बुद्ध कमळावर बसलेला दिसतो. घडवणाऱ्यांना बौद्ध तत्त्वज्ञान किती माहीत होते हा प्रश्न वेगळा, पण रक्षण करणाऱ्या देवांच्या रांगेत त्यांनी पश्चिमेकडून आलेल्या या नव्या देवालाही जागा दिली.

आरसा रक्षण कसे करतो? चौथ्या शतकातला लेखक ग हुंग सांगतो की डोंगरात जाणारे साधक नऊ इंचांहून मोठा आरसा पाठीवर बांधून जात. माणसाचे रूप घेतलेला राक्षस आरशात खऱ्या रूपात दिसतो, म्हणून तो जवळ येत नाही. पाठीवरची नक्षी आणि पुढची चकाकी अशी एकाच कामाला लागतात.

पायरी ७ : तांग काळात नियम बदला

तांग राजवटीत (इ.स. ६१८ ते ९०७) आरसा पाकळ्यांच्या काठाचा होतो, चौकोनी होतो, त्यावर सोन्या-चांदीचे पत्रे आणि शिंपल्याचे जडावकाम येते. जगाचा नकाशा मागे जातो आणि शुभेच्छा पुढे येतात. चोचीत फीत धरलेले पक्षी दिसले तर फितीकडे पाहा : गाठीच्या फितीला 'शौ' म्हणतात आणि 'दीर्घायुष्य' हा शब्दही 'शौ' असाच ऐकू येतो. शब्दांच्या नादावरून अर्थ लावायची पद्धत इथून पुढे मात्र खुशाल वापरा. सम्राट श्वानझुंगच्या वाढदिवसाचा, आठव्या महिन्याच्या पाचव्या दिवसाचा, इ.स. ७२९ मध्ये सण झाला आणि त्या दिवशी आरसे भेट दिले जाऊ लागले. अशा भेटीवर दीर्घायुष्याची फीत हवीच.

चंद्राचा आरसा सापडला तर आपल्याला तो लगेच ओळखीचा वाटेल. चंद्रावर ससा आपणही पाहतो, म्हणून तर तो शशांक. चिनी ससा मात्र तिथे नुसता बसलेला नाही, तो उखळात अमरत्वाचे औषध कुटतो आहे. जोडीला बेडूक, दालचिनीच्या जातीचे झाड आणि चंद्रावर पळालेली देवी चांगअ.

सिंह आणि द्राक्षवेलींचा आरसा या काळातला सर्वांत प्रसिद्ध, आणि सर्वांत फसवा. जुन्या सूचिकारांनी त्याला 'समुद्री पशू आणि द्राक्षे' म्हटले, म्हणून लोक समुद्राचा अर्थ शोधत बसतात. द्राक्षे पश्चिमेकडून, मध्य आशियाच्या वाटेने आली होती आणि तांग राजधानीला परदेशी वस्तूंची भूल पडली होती. तेवढे कारण पुरेसे आहे. घोसात मणी पुष्कळ म्हणून 'पुष्कळ मुले' हा अर्थ सांगतात, पण तांग काळातल्या घेणाऱ्याच्या मनात तो होताच असे ठामपणे म्हणता येत नाही. हीच काळजी हान घुंडीभोवतीच्या चार पाकळ्यांबाबत घ्या. त्यांना 'तेंदूच्या जातीच्या फळाचा देठ' असे नाव पडले आहे, पण ते नाव नंतरच्या लोकांनी दिसण्यावरून दिलेले आहे. नाव म्हणजे अर्थ नव्हे.

सुंग काळापासून (इ.स. ९६० ते १२७९) पाठी साध्या होत जातात. हूचौ शहरातल्या आरशांवर फक्त दुकानदाराचे नाव चौकटीत दिसते. सुंग सम्राटांच्या एका पूर्वजाच्या नावाचा उच्चार 'जिंग', म्हणजे 'आरसा' या शब्दासारखा असल्यामुळे तो शब्द टाळून दुसरा वापरत, आणि त्यावरून काळ ओळखता येतो. जिन राजवटीत (इ.स. १११५ ते १२३४) जोडीने पोहणारे दोन मासे लोकप्रिय होते. 'मासा' आणि 'भरपूर' हे दोन्ही शब्द 'यू'. मिंग काळात (इ.स. १३६८ ते १६४४) तर 'पाचही मुलगे परीक्षेत उत्तीर्ण होवोत' असे चार मोठ्या अक्षरांत थेट लिहिलेले असते, तिथे चिन्ह शोधायची गरजच उरत नाही.

सरावासाठी एक आरसा

१९९८ मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातल्या एका बुडालेल्या जहाजाचा माल सापडला. त्यातल्या एका वाडग्यावर इ.स. ८२६ शी जुळणारे वर्ष आहे. चिनी मातीच्या हजारो भांड्यांबरोबर त्यात काही काशाचे आरसेही होते, आणि त्यांतल्या एकावर चार दिशांचे रक्षक व आठ त्रिरेषा, म्हणजे अखंड किंवा तुटलेल्या तीन-तीन रेषांची चिन्हे, आहेत. हा संग्रह सिंगापूरच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये आहे. त्या आरशाचा फोटो घ्या. आधी कासव-साप शोधून खाली आणा. मग त्याच्याजवळची त्रिरेषा पाहा : मधली रेषा अखंड आणि वर-खाली तुटलेल्या असतील तर ती पाण्याची, म्हणजे उत्तर. तिच्या समोर पक्ष्यापाशी नेमकी उलटी, वर-खाली अखंड आणि मधे तुटलेली, म्हणजे अग्नी आणि दक्षिण. दोन्ही जुळल्या तर दिशा बरोबर लागल्या.

मग लेख वाचा. तो सांगतो की हा आरसा छ्येनयुआन नावाच्या राजकालखंडाच्या पहिल्या वर्षी, म्हणजे साधारण इ.स. ७५८ मध्ये, यांगचौ इथे यांगत्से नदीच्या मध्यावर, शंभरदा शुद्ध करून घडवला. यांगचौचे हे 'नदीच्या हृदयातले आरसे' पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, सूर्याचे तेज टिपेला असताना, नावेत ओतले जात अशी ख्याती होती. या आरशावर मात्र तारीख आहे अकराव्या महिन्याची २९, ऐन थंडीतली.